साकामोतोचे अल्बम कुठून ऐकायला घ्यायचे, आणि त्या सगळ्यात एकच माणूस कसा सापडतो

तुझा प्रश्न थोडक्यात असा की र्युइची साकामोतो या जपानी संगीतकाराचे पाचसहा अल्बम ऐकलेस, एकात व्हिडिओगेमसारखा सिंथ पॉप (सिंथ म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारं वाद्य), एकात नुसता पियानो, एकात बर्फाचे आणि पावसाचे आवाज, एकात चक्क इगी पॉप हा अमेरिकी रॉक गायक गातोय, आणि आता समजत नाहीये की हा माणूस नक्की कोण आणि सुरुवात कुठून करायची. त्यात तू स्वतः लॅपटॉपवर ट्रॅक बनवतोस म्हणून यातून शिकायचं काय तेही विचारलंयस. मी बरीच वर्षं सिंथ आणि मिक्सिंगचंच काम करतोय, हे अल्बम कामासाठीही ऐकलेत आणि नुसत्या आवडीनेही, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

पहिलं म्हणजे सनावळीने जाऊ नकोस. १९७८ पासून २०२३ पर्यंतचं काम आहे, सोलो, बँड, सिनेमे, दुसऱ्यांबरोबरचे अल्बम असं सगळं धरलं तर सलग ऐकताना तिसऱ्या चौथ्या अल्बमलाच दमशील, आणि मधल्या काळात असे काही अल्बम आहेत की तिथेच सोडून देशील.

त्यापेक्षा एक धागा धर. साकामोतो मुळात पियानोवाला, टोकियोच्या कला विद्यापीठात रीतसर कंपोझिशन शिकलेला, डेब्यूसी या फ्रेंच संगीतकाराचं लहानपणापासून वेड, बँडमधल्या मित्रांनी नावच प्रोफेसर ठेवलेलं. आणि पियानोचा स्वभाव असा की हातोडी तारेवर पडली की त्या क्षणापासून सूर फक्त विरत जातो, वाजवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. आपल्याकडे गाणारा सूर धरून ठेवतो, सारंगीवाला गज ओढत राहतो, तानपुरा मागे चालूच असतो, आस, म्हणजे सुराचा सलग नाद, तुटू द्यायची नाही हीच सगळी धडपड. पियानोला ते जमत नाही. २०१७ ला त्याच्यावर 'कोडा' नावाची डॉक्युमेंटरी आली त्यात तो स्वतः यावर बोललाय, की आपल्याला न विरणारा, कायम राहणारा आवाज हवाय, पियानोच्या अगदी उलटा. माझं म्हणणं असं की त्याचे सगळे चांगले अल्बम याच एका गोष्टीभोवती फिरतात, सूर वाजून झाल्यावर पुढे त्याचं काय होतं. सुराच्या मागे रेंगाळणाऱ्या या नादाला आम्ही टेल म्हणतो. कधी तो ती टेल कापून टाकतो, कधी ताणतो, कधी दुसऱ्या कुणाच्या हातात देतो, आणि शेवटी शेवटी तर फक्त तीच ऐकत बसतो. हे डोक्यात ठेवून ऐकलंस की डिस्को काय आणि पावसाचा आवाज काय, माणूस एकच आहे हे आपोआप ऐकू येतं.

सुरुवात 'बी-२ युनिट' पासून कर, १९८० चा. त्या वेळी तो यलो मॅजिक ऑर्केस्ट्रात होता, हारुओमी होसोनो, युकिहिरो ताकाहाशी आणि हा, तिघं १९७८ ला एकत्र आले आणि दोन वर्षांत जपानभर त्यांचं नाव झालं. त्या पॉप यशाच्या बरोब्बर विरुद्ध जाऊन त्याने हा सोलो केला, खडबडीत, कोपरे लागतील असा. यातला 'रायट इन लागोस' आधी ऐक. नायजेरियाच्या फेला कुटीच्या आफ्रोबीटवरून सुचलेला, आणि यासाठी त्याने लंडनमध्ये डेनिस बोव्हेलबरोबर काम केलं, जो डबचा माणूस. डब म्हणजे एको (प्रतिध्वनी) आणि रिव्हर्ब (खोलीत घुमणारा नाद) हेच वाद्य, एखादा आवाज घ्यायचा, त्याच्यामागे लांबलचक एको सोडायचा आणि मध्येच फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची पट्टी, खाली ओढून कापायचा. आता या ट्रॅकमध्ये प्रत्येक आवाज किती वेळ जगतो एवढंच बघ. काही ब्लिप्स सुरू व्हायच्या आत संपतात, काही संपताना सुरावरून घसरतात, आणि ज्या आवाजाची टेल अपेक्षित असते तिथे नेमकं काहीच नसतं, त्या मोकळ्या जागेमुळेच ते नाचतं. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो आणि हिपहॉपवाल्यांनी हा ट्रॅक डोक्यावर घेतला यात मला काही नवल वाटत नाही, आजही क्लबमध्ये लावला तर तो जुना वाटत नाही. सिंथ बहुतेक प्रॉफेट-५, त्या काळातलं त्याचं आवडतं मशीन, आणि ते पुढे शेवटपर्यंत अधूनमधून परत येतं.

आता जरा मागे, बँडकडे. 'सॉलिड स्टेट सर्व्हायव्हर' १९७९ चा, त्यातला 'टेक्नोपोलिस' आणि 'बिहाइंड द मास्क' या दोन्हीची चाल साकामोतोची, दुसरा तर पुढे एरिक क्लॅप्टनने केला आणि मायकल जॅक्सननेही रेकॉर्ड केला, जो त्याच्या मृत्यूनंतर २०१० ला बाहेर आला. तू सॉफ्टवेअरमध्ये माउसने नोट्स काढतोस म्हणून सांगतो, यांच्याकडे रोलँड कंपनीचा एमसी-८ नावाचा सिक्वेन्सर, म्हणजे ठरवलेल्या नोट्स सिंथकडून वाजवून घेणारं यंत्र, होता, त्यात प्रत्येक नोटसाठी आकडे टाईप करायचे, सूर केवढा, लांबी केवढी, आणि गेट म्हणजे त्या लांबीतला किती भाग आवाज खरा वाजणार हेही आकड्यातच. हे काम हिदेकी मात्सुताके करायचा, त्याला बँडचा चौथा मेंबर म्हणतात ते उगाच नाही. म्हणजे बघ, सूर किती वेळ जगणार हा निर्णय या माणसाच्या संगीतात अगदी पहिल्यापासून वेगळा, मुद्दाम घ्यायची गोष्ट होता, बोटावर सोडलेला नव्हता. त्याचा पहिला सोलो 'थाउजंड नाइव्ह्ज' पण त्याच १९७८ चा, सुरुवातीलाच व्होकोडरमधून, म्हणजे बोलणं यंत्रासारखं करणाऱ्या उपकरणातून, चीनच्या माओची कविता येते, पण मला विचारशील तर त्याच गाण्याचं बँडने १९८१ ला 'बीजीएम' वर केलेलं रूप जास्त धारदार आहे, त्यात टीआर-८०८ हे रोलँडचं ड्रम मशीन आहे आणि ते मशीन तेव्हा बाजारात येऊन जेमतेम काही महिने झाले होते. जाता जाता, पुढच्याच वर्षी १९८२ ला आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी हेच ८०८, सोबत टीबी-३०३ हे बेसचं मशीन आणि ज्युपिटर-८ हा सिंथ घेऊन रागांवर अख्खा अल्बम केला. टोकियो आणि मुंबई, तेच मशीन, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन्ही पाठोपाठ ऐकून बघ, चरणजित सिंगांचं मशीन थांबतच नाही, आस सोडत नाही, आणि साकामोतोचं मशीन सतत श्वास तोडतं.

१९८३ ला सिनेमा आला, दिग्दर्शक नागिसा ओशिमाचा 'मेरी ख्रिसमस मिस्टर लॉरेन्स', समोर डेव्हिड बोवी हा इंग्लिश रॉक गायक. ओशिमा साकामोतोला नट म्हणून घ्यायला आला होता, याने अट घातली की संगीतही मीच करणार, आणि तोपर्यंत याने सिनेमाला संगीत दिलेलं नव्हतं. बाफ्टा हा ब्रिटिश सिनेमा पुरस्कार मिळाला. ती धून तू ऐकलीच असशील, सगळेच ऐकतात, पण बहुतेक लोक पियानोवर ऐकतात, तू मूळ सिंथवालं ऐक. घंटेसारखा आवाज आहे, आणि घंटा म्हणजे नुसती टेलच की, आघात बारीक आणि मागचा नाद मोठा. ज्याने तीन वर्षं आधी सगळ्या टेली कापल्या होत्या त्याने इथे उलटं टोक गाठलंय. डेव्हिड सिल्व्हियन या इंग्लिश गायकाने त्याच चालीवर शब्द घातले ते 'फॉरबिडन कलर्स', तेही सोडू नकोस, या दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली आणि प्रत्येक वेळी एकत्र आले की काहीतरी चांगलंच झालं.

ऐंशीच्या दशकातला माझा लाडका अल्बम मात्र 'एस्पेरांतो', १९८५. मोलिसा फेन्ली या नृत्यांगनेच्या कार्यक्रमासाठी केलेला, जवळपास सगळा सॅम्पलरवर, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज साठवून वाजवणाऱ्या यंत्रावर. बोललेले तुकडे, आर्टो लिंडसेच्या गिटारचे ओरखडे, सगळं बारीक चिरून परत जुळवलंय. तेव्हाच्या सॅम्पलरची मेमरी एवढीशी की आवाजाचा फक्त सुरुवातीचा भाग मावायचा, टेलला जागाच नाही, आणि याने त्या अडचणीचंच व्याकरण केलं. आज तुझ्या लॅपटॉपमध्ये तासन्‌तास आवाज मावतात म्हणून हे मुद्दाम ऐक.

'द लास्ट एम्परर' ला १९८८ मध्ये ऑस्कर मिळालं, डेव्हिड बर्न आणि चोंग सू यांच्याबरोबर वाटून, संगीत सुंदरच आहे आणि त्यावर भरपूर लिहिलं गेलंय म्हणून पुढे जातो. त्याच सुमाराचा 'निओ जिओ', निर्माता बिल लॅसवेलबरोबर, बूट्सी कॉलिन्स, स्लाय डनबार, टोनी विल्यम्स, ओकिनावाच्या गायिका आणि तुझा इगी पॉप. कागदावर याच्याइतका भारी अल्बम नाही, पण मला तो आता ऐकवत नाही, कारण ड्रम्स. त्या काळात सगळीकडे गेटेड रिव्हर्ब असायचा, मोठ्या खोलीचा नाद द्यायचा आणि कात्रीने कापायचा, आणि इथे ती कापणी कुणाच्याच विचाराने होत नाहीये, फक्त फॅशन म्हणून होतेय. १९८९ चा 'ब्यूटी' त्याहून खूप बरा, युसू न्'दूर, रॉबर्ट वायट, ब्रायन विल्सन असे आवाज आहेत, आणि 'चिन्सागु नो हाना' हे ओकिनावाचं लोकगीत असं काही मोकळं सोडलंय की बाकी अल्बम नाही ऐकलास तरी ते ऐक.

नव्वदीत तो न्यूयॉर्कला राहायला गेला आणि हाऊस, हिपहॉप, ब्राझीलची बोसा नोव्हा सगळं करून बघितलं. 'हार्टबीट', 'स्वीट रिव्हेंज', 'स्मूची', हे तिन्ही शेवटी ऐक, नाही ऐकलेस तरी चालेल, चांगली गाणी आहेत पण इतर लोकही तेव्हा तशी करत होते. इटालियन दिग्दर्शक बर्तोलुचीच्या 'लिटल बुद्धा' चं संगीत याच काळातलं, १९९३, आणि त्यात किरवाणी आणि नायकी कानडा अशी रागांची नावं असलेले ट्रॅक आहेत, ते वाद्यवृंदाच्या शेजारी ठेवलेत, त्यात मिसळून टाकलेले नाहीत, ही त्याची समज मला फार आवडते, पूर्वेचा मसाला म्हणून सतार शिंपडणारे सिनेमावाले कमी नाहीत. आणि '१९९६' नावाचा अल्बम जरूर ऐक, आधीच्या सिनेमांच्या आणि अल्बमच्या चाली फक्त पियानो, व्हायोलिन, चेलोवर, मशीन काढून घेतल्यावर चाल उभी राहते का याची परीक्षाच ती, आणि राहते.

१९९८-९९ चा 'बीटीटीबी', नावाचा अर्थ मुळाकडे परत, जवळपास सगळा सोलो पियानो. त्यातून पुढे 'एनर्जी फ्लो' निघालं, मूळ एका टॉनिक ड्रिंकच्या जाहिरातीसाठीचं, आणि १९९९ ला त्याची सिंगल जपानच्या ओरिकॉन चार्टवर एक नंबरला गेली, शब्द नसलेल्या संगीताने एक नंबर गाठायची तिथली पहिली वेळ. लोक याला रिलॅक्स व्हायचं संगीत म्हणतात, मला ते पटत नाही. पियानोचं सूर लांबवणारं पेडल कधी सोडलंय ते ऐक. दोन स्वरसंगती एकमेकांत जराशा मिसळू द्यायच्या आणि चिखल व्हायच्या आत पाय उचलायचा, हे काम फार अवघड आहे आणि इथे ते सगळं उघड्यावर आहे, लपायला ड्रम्स नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कार्स्टन निकोलाई बरोबरचे अल्बम. हा जर्मनीतल्या केम्निट्झचा कलाकार, अल्वा नोटो नावाने काम करतो, साइन वेव्ह (अगदी साधा, शुद्ध इलेक्ट्रॉनिक सूर), क्लिक, बारीक इलेक्ट्रॉनिक चिरचिर हे त्याचं सामान. 'व्ह्रिओन' २००२, 'इनसेन' २००५, 'रेव्हेप' २००६, 'यूटीपी' २००८, 'सम्व्ह्स' २०११, पाचही नावांची पहिली इंग्रजी अक्षरं जोडली की व्हायरस होतं. साकामोतोने पियानो वाजवायचा आणि निकोलाईने त्या रेकॉर्डिंगवर काम करायचं, अशी साधारण विभागणी. 'इनसेन' हेडफोनवर लाव. पियानोचा एक सूर पडतो, विरायला लागतो, आणि तो ऐकू येईनासा होण्याच्या जरा आधी त्याच्या खालून एक साइन टोन वर येतो किंवा त्या सुराचाच एक कण अडकून थरथरत राहतो, म्हणजे पियानोने जे सोडलं ते मशीनने उचललं. त्याला आयुष्यभर हवा असलेला न विरणारा आवाज इथे त्याला दुसऱ्याच्या हातून मिळतो. आणि तालासाठी ड्रम नाही, एवढाल्या क्लिक आहेत, ज्यांना टेल जवळजवळ नाहीच. एकाच वेळी दोन टोकं, कायम राहणारं आणि लगेच संपणारं, आणि मध्ये पियानो. 'यूटीपी' मध्ये तर एन्सेम्बल मॉडर्न हा अख्खा वाद्यवृंद आहे, जर्मनीतल्या मानहाइम शहराच्या ४०० व्या वर्षासाठी केलेलं काम ते, पण या पाचांत सुरुवात 'इनसेन' नेच कर. फोनच्या स्पीकरवर कृपा करून लावू नकोस, खालच्या साइन वेव्ह तिथे येतच नाहीत, अर्धा अल्बम गायब होतो आणि मग लोक म्हणतात यात काहीच घडत नाही.

याच वाटेवरचा ऑस्ट्रियाचा गिटारवादक फेनेस याच्याबरोबरचा 'सेंद्र', २००७, तिथे पियानोभोवती गिटारचा खरखरीत धूर आहे. मला 'इनसेन' ची शिस्त जास्त आवडते, पण ज्याला निकोलाई फार कोरडा वाटतो त्याने 'सेंद्र' घ्यावा.

२००८ ला तो ग्रीनलंडला गेला, हवामान बदल बघायला कलाकार आणि शास्त्रज्ञ मिळून गेले होते, आणि तिथल्या बर्फाखालचं पाणी त्याने पाण्यात मायक्रोफोन सोडून रेकॉर्ड केलं. २००९ चा 'आउट ऑफ नॉइज' त्यातून आला. यातल्या 'हिबारी' साठी तरी हा अल्बम घे. पियानोचा छोटासा तुकडा, तोच दोनदा एकमेकांवर ठेवलेला आणि दोघांची लांबी जराशी वेगळी, त्यामुळे दर फेरीला एक दुसऱ्यापासून सरकत जातो. तू हे दहा मिनिटांत तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये करून बघू शकतोस, दोन ट्रॅक, एक लूप किंचित लांब, बाकी काहीही लावू नकोस. करून बघितल्यावर समजेल की अवघड भाग सरकवणं नाहीये, कुठेही धडकलं तरी चांगलंच वाटेल असा मूळ तुकडा लिहिणं अवघड आहे, आणि तिथे त्याचं विद्यापीठातलं शिक्षण कामाला येतं.

२०१४ ला घशाचा कॅन्सर झाला, काम थांबवलं, बरा होता होता 'द रेव्हेनंट' चं संगीत निकोलाई आणि ब्राइस डेस्नर यांच्याबरोबर केलं आणि मग २०१७ ला 'असिंक'. एकच अल्बम ऐकायचा असेल तर हा. रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीच्या न काढलेल्या एखाद्या सिनेमाचं संगीत अशी कल्पना धरून केलेला. पहिला ट्रॅक 'अंदाता', साध्या पियानोवर बाखच्या कोरालसारखी चाल येते आणि मग तीच चाल ऑर्गनवर, म्हणजे जो सूर विरत होता तोच आता विरत नाही, हवा आहे तोवर चालू राहणार. एवढ्या एका बदलात त्याने सगळी गोष्ट सांगून टाकलीय असं मला वाटतं. पुढे त्सुनामीत बुडालेला पियानो आहे, २०११ च्या त्सुनामीत मियागी भागातल्या एका शाळेतला, तारा सैल झालेल्या, काही कीज वाजत नाहीत. लोक म्हणतील बेसूर झालाय, त्याचं म्हणणं असं की लाकूड आणि तारा माणसाने जोर लावून ताणून सुरात आणल्या होत्या आणि आता त्या आपल्या मूळ स्थितीकडे परत चालल्यात. रोज ट्यूनिंग करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाक्य जरा डोक्यात ठेवावं. 'फुलमून' मध्ये पॉल बोल्स या अमेरिकी लेखकाचा आवाज आहे, आयुष्यात पौर्णिमेचा चंद्र अजून किती वेळा बघणार अशा अर्थाचा मजकूर, मग तोच मजकूर वेगवेगळ्या भाषांत वेगवेगळे लोक वाचतात. ज्या सिनेमातून तो आवाज आला, 'द शेल्टरिंग स्काय', त्याचं संगीत १९९० ला यानेच दिलं होतं. 'लाइफ, लाइफ' मध्ये सिल्व्हियन परत येतो, आर्सेनी तारकोव्हस्कीची, म्हणजे त्या दिग्दर्शकाच्या वडिलांची, कविता वाचायला.

'१२' हा हयातीतला शेवटचा सोलो, १७ जानेवारी २०२३ ला, त्याच्या ७१ व्या वाढदिवशी आला, आणि २८ मार्चला तो गेला. कॅन्सर परत आला होता, मोठ्या ऑपरेशननंतर घरी आल्यावर सिंथ आणि पियानोवर जे सुचेल ते रेकॉर्ड केलं, ट्रॅकची नावं म्हणजे फक्त तारखा, '२०२१०३१०' अशी. श्वास ऐकू येतो, माइकजवळ बसलेल्या आजारी माणसाचा, आणि तो साफ केलेला नाही. मिक्सिंग करणारा म्हणून सांगतो, हा आवाज काढून टाकायला आज एक प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं छोटं साधन, पुरतं, त्यामुळे तो ठेवलाय हा निर्णय आहे आणि बरोबर निर्णय आहे, कारण तिथे सुराची टेल आणि माणसाचा श्वास एकाच पातळीवर आलेत, कुणी पुढे नाही कुणी मागे नाही. हा अल्बम पहिल्यांदा ऐकू नकोस, 'असिंक' नंतर ऐक.

तुझ्या कामासाठी म्हणशील तर प्लगइनची यादी देत नाही, एक सवय सांगतो. पुढचा ट्रॅक करताना प्रत्येक आवाजाची फक्त टेल सोलो करून ऐक, आणि ठरव की ती कापायची, सोडायची की दुसऱ्या कुठल्या आवाजाने उचलायची. डीफॉल्ट रिव्हर्ब लावून पुढे जाऊ नकोस. बहुतेक नवीन पोरांच्या मिक्समध्ये जो गढूळपणा असतो तो ईक्यूचा, म्हणजे खालचे-वरचे स्वर कमीजास्त करण्याचा, नसतो, दहा आवाजांच्या दहा टेली एकमेकांवर पडलेल्या असतात त्याचा असतो, आणि ईक्यू फिरवून तो जात नाही.

तर क्रम असा ठेव, 'बी-२ युनिट', मग 'इनसेन', मग 'असिंक', मग मागे जाऊन बँड आणि 'एस्पेरांतो', मग 'बीटीटीबी' आणि '१९९६', मग '१२'. यात कुठे जड वाटलं तर मध्येच २००१ चा 'कासा' लाव, जॅक आणि पाउला मोरेलेनबाउम बरोबर रिओमध्ये बोसा नोव्हाचा मोठा संगीतकार जोबिम याच्या घरी, जोबिमच्याच पियानोवर रेकॉर्ड केलेली बोसा नोव्हा गाणी, तिथे साकामोतो दुसऱ्याच्या चालीला इतकी कमी साथ देतो की कुठला सूर गाळलाय हे शोधत बसावंसं वाटतं.